अडीच हात टेप

मी, कॉर्लिस वर्लीन पर्डी, वय एकोणतीस, अविवाहित, धंदा टेप कापणे व जोडणे, राहणार क्रेनशॉ, लॉस एंजेलिस, हे लिहिताना शुद्धीत आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. पुढे नोंदवलेल्या वस्तू माझ्याच आहेत याची मी दोनदा खातरजमा केली आहे. एका वस्तूबद्दल शंका आहे, ती कलम चारमध्ये. परवा मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. म्हणूनच काळजी वाटते.

कलम एक. घर भाड्याचं आहे, तेव्हा देण्याचा प्रश्न नाही. बँकेतली शिल्लक माझे वडील एल्सवर्थ पर्डी यांना. मोटार चर्चला. तिचा डावा दरवाजा आतून उघडत नाही, हे नेणाऱ्याला आधी सांगावं. लव्होनियाआत्याला काहीही ठेवता येत नाही, कारण ती साक्षीदार आहे. हे कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या बशा हव्या असत्या तर मी निरक्षर असायला हवं होतं!"

कलम दोन. टेप जोडायचा खाचेचा ठोकळा आणि पात्यांची डबी चर्चच्या गायनमंडळाचं रेकॉर्डिंग करणाऱ्या ओडेसाला. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हा ठोकळा माझ्यासमोर ठेवला. त्यांनी शिकवलेले नियम ओडेसाने पाळावेत: हसण्याची शेपटी तोडू नये, कापलेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी लावून खिळ्याला टांगावा, आणि मूळ टेपला पातं लावू नये, आधी नक्कल काढावी. तिसरा नियम मी एकदा मोडला.

कलम तीन. विनोदवीर ड्यूई टॅटम, ज्यांना मी काका म्हणते, त्यांना माझी छत्री. अडुसष्ट साली त्यांच्या रेकॉर्डला विनोदी ध्वनिमुद्रणाचं पारितोषिक मिळालं. त्यांनी व्यासपीठावरून आपल्या शिंप्याचेही आभार मानले, पण ती रेकॉर्ड ज्यांनी कापून-जोडून उभी केली त्या माझ्या बाबांचे नाहीत. आम्ही घरी इस्त्रीचे कपडे घालून रेडिओपाशी बसलो होतो. काकांनी नंतर माफी मागितली आहे. तरी छत्रीच.

कलम चार. सिगारच्या खोक्यातला टेपचा तुकडा, लांबी अडीच हात, वेळ तीन सेकंद. हा बाबांना. खुलासा करणं भाग आहे.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने या पारितोषिकाचा इतिहास रेकॉर्डच्या संचात काढायचं ठरवलं. त्याचं नाव किती वेळा बदललं, बोलणं आणि गाणं कधी वेगळं धरलं, कधी एकत्र, हे सगळं मी पुस्तिकेसाठी तपासून दिलं. काकांची रेकॉर्डही त्यात होती. ती पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा तिच्यावर मोठ्या सभागृहाचा हशा चढवलेला होता. खरा हशा फक्त बाबांच्या ध्वनिमुद्रणाच्या दुकानातल्या मूळ टेपवर होता: रविवारची दुपार, लहानसा क्लब, चाळीस माणसं. नव्या संचासाठी तोच हवा होता.

नक्कल काढली की खरखर वाढते. मला ती नको होती. मी मूळ टेपच कापली. एका जागी एक बाई विनोद पुरा व्हायच्या आधीच हसत होती. मी ते काढलं आणि चिठ्ठीवर लिहिलं: "हसू, आधी आलेलं. दोष."

बाबा दरवर्षी आईच्या वाढदिवसाला ती टेप एकटे ऐकत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी ते यंत्रापाशी बसले, ऐकलं, आणि मला हाक मारली.

"कॉर्लिस, तुझी आई कुठं गेली?"

आई वारली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. तिचं रागावणं मला आठवतं, पिठाचे हात आठवतात. हसणं आठवत नव्हतं. या टेपखेरीज तिचा आवाज कुठेही नाही; गावभराचे आवाज धरणाऱ्या घरात तिचा धरायचा राहूनच गेला.

मी घाबरून म्हणाले, "टाकलं, बाबा."

त्यांनी रीळ पुसून फळीवर ठेवलं. मग म्हणाले, "असू दे, पोरी. माझ्या कानात आहे."

तुकडा मला महिन्याने खिळ्यामागे पडलेला सापडला. तोवर एक वेगळीच गोष्ट झाली होती. अकरा वर्षं आईचं नाव न काढणारे बाबा रविवारच्या जेवणाला तिच्याबद्दल बोलू लागले होते. ती मक्याच्या पावात साखर घालणाऱ्यांना कशी हसायची, काका तिला कसे दटावायचे, "वर्लीन, मला बोलू तरी दे!" तुकडा परत केला तर ते पुन्हा टेपपाशी जातील आणि गप्प होतील, असं मला वाटलं. म्हणून मी तो लपवला. मी स्वतःही तो ऐकलेला नाही. मला फार ऐकायचा आहे.

कलम पाच, त्याच दिवशी, सहीपूर्वी. कलम चार रद्द. लव्होनियाआत्या म्हणाली, "न वाचता सही करायला मी काय महापौर आहे?" तिने वाचलं आणि ओरडली, "एल्सवर्थ! हात पूस आणि इकडे ये!"

बाबांनी उभ्याने वाचलं. खोकं उघडलं. चिठ्ठी वाचून ते हसले.

"दोष खराच. लग्नातसुद्धा पाद्रीबाबांनी विचारायच्या आधीच 'हो' म्हणाली होती." मग ठोकळा माझ्यापुढे सरकवला. "तू कापलंस, तू जोड."

मी जोडलं. जोड सरळ आहे. मी रीळ यंत्रावर चढवलं, तर बाबांनी बटणावर हात ठेवला.

"आज नाही. तू घरी आलीस की ऐकू, दोघं."

"आणि नाही आले तर?"

"हे बघ, माझ्या घरातल्या बायकांना थांबायची सवय नाही. एकदा थांबून दाखव."

सबब, टेप माझ्या मालकीची नाही. ती बाबांची आहे आणि यंत्रावर चढवलेली आहे. मी परत आले नाही, तर माझी एवढीच इच्छा आहे की त्यांनी आईच्या वाढदिवसाची वाट पाहू नये. आणि ऐकून झाल्यावर कोणाशी तरी बोलावं.

वरील मजकूर वाचून, समजून मी त्यावर सही केली.

कॉर्लिस वर्लीन पर्डी

साक्षीदार:
१. लव्होनिया पर्डी हेस्टिंग्ज (आत्या, बशा मिळाल्या नाहीत)
२. क्लिओफस बँक्स (शेजारी, केशकर्तन)

लॉस एंजेलिस, रविवार, १४ ऑक्टोबर १९८४