नाना बॅरीला जाऊन आले

प्रिय ऋतिका,

हल्ली टपाल इतकं रखडतं, की हे पत्र ब्रिस्बेनहून कॅनडात तुझ्या हाती पडेपर्यंत नानांना जाऊन दोन महिने झालेले असतील. फोनवर तू तीनदा एकच विचारलंस : ऑगस्टमध्ये मी परवानगीचे कागद पाठवले, तरी नाना माझ्याकडे का आले नाहीत? तिन्ही वेळा मी विषय बदलला. आज लिहायला बसले आहे, कारण लिहिताना तुझा आवाज मध्ये येत नाही.

आधी तुला माहीत नसलेलं सांगते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत नाना नाशिकहून निघाले ते खरं तर तुझ्याकडे यायलाच. माझं घर म्हणजे मधला थांबा, एप्रिलचं टोरंटोचं तिकीट काढलेलं. आई गेली तेव्हा तू आली नाहीस म्हणून चार वर्षं धरलेला अबोला त्यांना तुझ्या घरी बसून सोडायचा होता. फोनवर नाही, समोरासमोर. हट्टी माणूस, तुला वेगळं काय सांगायचं. मग कोरोनाने सीमा बंद झाल्या, तुझे हृषिकेश भावोजी कामासाठी गेलेले ते पर्थलाच अडकले आणि या घरात आम्ही दोघंच उरलो.

भूगोलाचे मास्तर रिकामे कसे बसणार? दिनदर्शिकेच्या जुन्या पानांमागे त्यांनी तुझं बॅरी शहर काढलं. सिम्को सरोवराचा पश्चिमेला घुसलेला फाटा आणि त्याच्या टोकाला तुम्ही. तिथले मूळ रहिवासी होड्या खांद्यावर घेऊन ज्या नऊ मैलांच्या वाटेने नदी गाठत ती वाट, नंतर आलेली रेल्वे, उन्हाळ्यात पोहायचा किनारा, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर मासे धरणाऱ्यांनी मांडलेल्या झोपड्या. जेवताना माझी तोंडी परीक्षा. मनगटावरचं घड्याळ बॅरीच्या वेळेवर, त्यामुळे औषधांचा रोज घोळ.

पहाटे ते आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्सच्या तळ्याभोवती फेरी मारायचे आणि आल्यावर सांगायचे, आज बॅरीतल्या ॲलनडेलच्या जुन्या स्टेशनापर्यंत गेलो. मी हसायचे. जानेवारीत एकदा म्हणाले, किनाऱ्यापासून तिसरी झोपडी निळी आहे, तिचं धुराडं वाकलंय. आठ दिवसांनी तुझा फोटो आला. तिसरी झोपडी, निळी, वाकडं धुराडं. मी तो त्यांना दाखवला नाही. मला भीती वाटली, ऋतिका. तेव्हापासून मी त्यांच्या चपला बघायला लागले. इकडे ऐन उन्हाळा, बाहेर उकाड्याने जीव जात असायचा आणि चपला ओल्या, बोटं बधिर व्हावीत इतक्या गार.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ते उशिरा परतले. पावलं निळी पडली होती. म्हणाले, ऋतिकाकडे जाऊन आलो. मागच्या दाराशी बराच वेळ उभा होतो. रात्रपाळी करून आली होती, भरदुपारी गाढ झोपलेली, उठवलं नाही. मग चहा न घेताच आडवे झाले. तुझी हॉस्पिटलातली रात्रपाळी सुरू झाल्याचं तोवर मलासुद्धा ठाऊक नव्हतं. शुक्रवारी ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, वय झालं होतं.

बाराव्याला तू फोनवर सहज सांगितलंस, की त्या आठवड्यात सोमवारी दुपारी उठलीस तर बर्फात चपलांचे ठसे होते, सरोवराकडून थेट तुझ्या मागच्या दारापर्यंत. एवढ्या थंडीत चपला घालून कोण फिरतं, म्हणालीस. तुमची सोमवारची दुपार म्हणजे आमची मंगळवारची पहाट. त्यानंतर तू काय बोललीस ते मला आठवत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. नानांनी तुझे कागद पाहिलेच नाहीत. मी तो मेल पुसून टाकला. त्यांना सांगितलं, कॅनडा अजून बंद आहे. तुला सांगितलं, ते बघू म्हणतात. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी इतका प्रवास, वाटेत काही झालं तर, अशी मी माझी समजूत घातली. पण खरं एवढंच, की या घरात मला एकटीने राहायचं नव्हतं. त्यांनी शेवटपर्यंत राग सोडला नाही असं मनात धरून तू रडतेस आणि मी ऑगस्टपासून तुला ते धरू दिलं. मला काय म्हणायचं ते म्हण. फक्त ते आले नाहीत असं म्हणू नकोस. मी विमानाने जाऊ दिलं नाही, म्हणून ते चालत आले.

तुझीच,
मयूराताई