काचपेटीतला चावरा मासा

प्रिय वेणी,

अक्षर माझं आहे हे बघून पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग हवं तर चुलीत घाल. तुझा ताप उतरला, पोटातलं बाळ सुखरूप आहे, असं तुझ्या भावानं यांना कळवलं. मला कुणी सांगितलं नाही, आणि का सांगावं? मी दाराआडून ऐकलं. त्या जिवाला काही झालं असतं तर हे तोंड मी कुणाला दाखवलं असतं गं?

तू तिरुविसनल्लूरला माहेरी गेलीस आणि यांनी एक नवं खूळ घरात आणलं. मद्रासहून काचेची पेटी मागवली, तीत पाणी भरलं आणि पाटातून धरून आणलेला एक चपटा पिवळा मासा सोडला. शिव शिव, सोवळ्याच्या घरात मासे! मी चांगलं आकांडतांडव केलं. पण आता दिवसभर त्या पेटीपुढं कोण बसतं म्हणशील तर मीच. तू गेल्यापासून घरात बोलायला आहे तरी कोण? हे कचेरीतून येतात, जेवतात, माझ्याकडे न बघता पान लावतात.

पुढं यांनी दुसरा मासा आणला, जरा लहान. झालं! जुन्यानं त्याला जगू दिलं नाही. सगळे दगड, सगळ्या सांदी आपल्याच, असा त्याचा तोरा. खायला टाकलं की आधी नव्याच्या अंगावर धावायचा, मग स्वतःला मिळो न मिळो. नव्याचे पंख पार फाटले. मी काचेवर चापट्या मारायची, मेल्या, तुझं काय खाल्लं त्यानं, म्हणून ओरडायची. हे प्रत्येक वेळी त्या फाटक्याला बाहेर काढायचे, मिठाच्या पाण्यात ठेवायचे, बरा झाला की परत सोडायचे. परत तेच.

एका संध्याकाळी कॉलेजात शिकवणारे शेषाद्री तिण्ण्यावर, दारापुढच्या ओट्यावर, बसले होते. हा प्रकार बघून ते हसायलाच लागले. मार खाणाऱ्याला कशाला बाहेर काढता, म्हणाले, जो चावतो त्याला काढा. काही दिवस त्याला वेगळा ठेवा, तोवर आतले दगड सगळे हलवा, दुसऱ्याला आपली जागा धरू द्या. मग हा परत येईल तो मालक म्हणून नाही, पाहुणा म्हणून येईल. मी पानाचं तबक घेऊन उंबऱ्यात उभी होते, ती तशीच माघारी फिरले. परसात जाऊन रडले, वेणी.

मामंजींच्या श्राद्धाचा स्वयंपाक यंदा तू करावास असं हे म्हणाले, तेव्हाच माझा जळफळाट झाला होता. इतकी वर्षं तो मान माझा. उंच दांडीवर काठीनं वाळत घातलेल्या तुझ्या सोवळ्याच्या लुगड्याला मी पारोशा हातानं शिवले. मुद्दाम. आणि मग मीच विटाळ झाला म्हणून घर डोक्यावर घेतलं. ऐन मार्गळी महिन्याच्या गारठ्यात तू पुन्हा कावेरीवर अंघोळीला गेलीस आणि पिंडदान होईपर्यंत ओलेत्यानं चुलीपुढं उभी राहिलीस. पोटुशी होतीस गं तू! तू परसदारातून मला बघितलं होतंस, हे मला ठाऊक आहे. तरी एका शब्दानं कुणाला बोलली नाहीस. संध्याकाळी तुला ताप भरला, आणि मी देवासाठी केलं, पितरांसाठी केलं, असं मनाला सांगत बसले. कसलं देवासाठी! मला मूल नाही म्हणून मीच तुझं घर शोधलं, मीच तुला पसंत केलं, दुसऱ्या लग्नाला यांचं मन मीच वळवलं, आणि तू नांदायला लागलीस तशी मलाच खुपायला लागलीस. शेजारणी अजून मलाच बिचारी म्हणतात, आणि मी ऐकून घेते. लाज वाटते गं.

शेषाद्री म्हणाले तसं वेगळा ठेवलेल्या जुन्या माशाला यांनी परवा पेटीत परत सोडलं. अधूनमधून पंख फेंदारतो, पण चावत नाही.

आता हे तुझ्यासाठी दुसऱ्या गल्लीत बिऱ्हाड बघताहेत. मी त्यांना साफ नाही म्हटलं. तू का म्हणून बाहेर राहायचं? मीच जाते म्हटलं. श्राद्धाच्या दिवशी मी काय केलं तेही आज त्यांना सांगितलं. ते उठून माझ्यासाठी गाडी सांगायला गेले. गाडी दारात आली आहे, मी तिरुनीलक्कुडीला भावाकडे निघाले आहे. स्वयंपाकघरातले डबे, भांडी, बरण्या सगळं फळ्यांवरून काढून जमिनीवर ठेवलंय. तू ये आणि तुझ्या मनासारखं लाव. बाळ झाल्यावर मला बोलवावंसं वाटलं तर बोलाव, नाही वाटलं तर मी समजेन. बोलावलंस तर सोवळ्यानं स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभी राहीन, आणि मीठ कुठं ठेवलंयस ते तुला विचारूनच आत येईन.

तू म्हणू दिलंस तर तुझीच,
अक्का