गोपाळरावांचा कांदा

चिखला, १४ मे १९७८

डोकं अजून ठणकतंय, तरी लिहून ठेवतो.

रत्नागिरी सोडून या खाणीत कारकुनीला आलो, त्याला तीन आठवडे झाले. कॉलनीच्या व्हॉलीबॉल क्लबात मलाही घ्या म्हणालो, तर सेक्रेटरी गोपाळराव म्हणाले, "या ना उद्या, दुपारी तीन वाजता." गेलो. नवे कॅनव्हासचे बूट घालून, उघड्या डोक्याने. मैदानावर जाळीसुद्धा बांधलेली नव्हती. तरी तासभर थांबलो. का थांबलो? आमच्याकडे समुद्राचा वारा असतो, तीनलाही खेळतो आम्ही.

परतताना पानवाल्याने सांगितलं, इथे उन्हाळ्यात दुपारी लू, म्हणजे भाजणारा गरम वारा, सुटतो; सगळे पहाटे पाचला खेळतात.

गोपाळराव ओसरीवर चौघांना घेऊन माझीच वाट बघत बसलेले. खिशातला कांदा काढून माझ्या हातावर ठेवला. "उनात काहून फिरून राहिले जी? हा ठेवा खिशात, लू नाही लागत." सगळे हसले. मीही हसलो. तेच सलतंय.

कांदा आता समोर टेबलावर आहे. बायको भाजीत चिरायला मागत होती, हात लावू दिला नाही.

तिकडे सहा वर्षं जिल्ह्याच्या संघात स्मॅश मारायला मीच असायचो, हे इथे कुणाला ठाऊक नाही. उद्या पाचला जाईन. गोपाळरावांच्या बरोबर समोर उभा राहीन. पहिला चेंडू त्यांच्या पायाशी, दुसरा थेट छातीवर. ते मातीत बसले की, दिवस उगवायच्या आत, हाच कांदा त्यांच्या हातावर ठेवीन.

"ठेवा खिशात. लू लागलेली दिसते."