राजपुत्राच्या अंगावरचा कोट

४ नोव्हेंबर, सकाळी

आजपासून रोज लिहायचं. साबणाच्या एजंटने दिलेली ही डायरी कोरीच पडून होती. वर्ष संपत आलंय, पण कागदाला काय कळतंय. शाळा माझी लवकर सुटली, तरी अक्षर चांगलं आहे. निदान मला वाचता येतं.

बातमी मोठी आहे. आमच्या नातवाला नाटकात राजपुत्राचं काम मिळालं. चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजांचं नाटक आहे म्हणे, त्यांच्या कुठल्याशा राणीच्या काळातलं, आता मराठीत केलेलं. मी अजून कुणाला सांगितलं नाही. फक्त दुकानात सकाळी जे आले त्यांना.

मुलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणाला, तालमीला वेळ आहे, डिलिव्हरीला नाही. त्याचंही खरं आहे म्हणा. ड्रायक्लीनिंगचं दुकान आमचं, आणि हा पोरगा उन्हं वर आल्यावर उठतो, मित्रांत चहा पीत बसतो, सकाळचे सूट दुपारी पोचवतो. पण मी आहे ना. महिन्यात सरळ करते. माझ्या शब्दाबाहेर नाही तो.

७ नोव्हेंबर

मधे खाडा पडला. गुडघा दुखत होता. लिहायला गुडघा लागत नाही, पण मन लागत नाही.

नातवाने गोष्ट सांगितली. राजपुत्र वाया गेलेला. एका लठ्ठ, थापाड्या म्हाताऱ्याच्या नादी लागून गुत्त्यात पडलेला. तिकडे एक तरणा सरदार, उठता-बसता इभ्रतीच्या गोष्टी करणारा, राजाविरुद्ध बंड करतो. राजाला वाटतं, हाच आपला मुलगा असता तर. शेवटी लढाई. राजपुत्र बंडखोराला मारतो. म्हातारा मेल्याचं सोंग घेऊन पडलेला, तो उठून म्हणतो, मीच मारला. आणि राजपुत्र त्याला म्हणू देतो.

मला नाही पटलं. एवढं वय झालं आणि लाज नाही. कुणीतरी चार शब्द सुनवायला हवे होते.

राजा मात्र थेट आमचा मुलगा. समोरच्या औषधवाल्याच्या पोराचं कौतुक करत असतो. ते पोर बोलायला लागलं की थांबत नाही, ते नाही दिसत.

१० नोव्हेंबर, दुपारी

माझ्यामुळे बापलेकांत समेट झाला. म्हणजे मी मधे बोलले नाही, पण खोलीत होते. नाटक होईपर्यंत नातवाने दुकान वेळेवर उघडायचं, एकही कपडा उशिरा जाता कामा नये. जमलं तर डिसेंबरपासून काउंटर त्याचं. काउंटर म्हणजे साधी गोष्ट नाही. गिऱ्हाईक त्याच्या शब्दावर कपडा ठेवून जाणार. मुलाने काउंटरवर कधी कुणाला बसू दिलं नाही. मलाही नाही. मला नुसतं डाग बघायला बोलावतात.

नातू दोन दिवस माझ्याही आधी उठतोय. माझी शिकवण.

१३ नोव्हेंबर

तालीम बघून आले. बोलावलं नव्हतं, पण डबा विसरला होता. डबा रिकामा होता हे तिथे गेल्यावर कळलं.

बंडखोराचा अंगरखा काय झकपक. त्याचा मामा टेलर आहे. आणि आमच्या राजपुत्राला शेवटच्या दरबारासाठी जुना पडदा. मी सगळ्यांसमोर डायरेक्टरला सांगितलं, राजपुत्राचा पोशाख माझ्याकडे लागला. नातू माझी बाही ओढत होता. लाजाळू आहे.

१६ नोव्हेंबर

मशीन बिघडलं आहे. मशीन तसं चालू आहे, पण टेबलक्लॉथचा अंगरखा शिवताना दोन्ही बाह्या उजव्या झाल्या. कापडच खोटं.

मुलाने बघितलं आणि अंगरखा घडी करून ठेवला. हसला असता तर बरं झालं असतं.

१८ नोव्हेंबर

देवाला काळजी. जजबाई आल्या होत्या. रिटायर झाल्या, तरी त्या दुकानात आल्या की मी पदर सारखा करते. दर थंडीत त्या एक कोट क्लीनिंगला टाकतात. लांब, मखमली, डाळिंबी रंगाचा, कॉलरला लव. त्यांचे यजमान घालायचे. यजमान गेले, तेव्हापासून कोट कुणी घालत नाही, नुसता धुऊन जातो. आता पुढच्या सोमवारी न्यायला येणार आहेत.

नुसती पडून राहिली की मखमलीला वास लागतो. हे मी अनुभवाने सांगते.

दुकानाचा नियम मला माहीत आहे. गिऱ्हाइकाचा कपडा कुणाच्या अंगाला लागता कामा नये. एका कारागिराने साहेबाचा टाय गळ्याला लावून नुसतं आरशात बघितलं, तर मुलाने त्याला कामावरून काढलं होतं. पण तो नियम कारागिरांसाठी.

२० नोव्हेंबर

नातवाने कोट घालून बघितला. जसा त्याच्याच मापाने शिवलेला. कुणाचा म्हणाला. मी सांगितलं, जजबाईंनी आनंदाने दिला. तीनदा विचारलं, बाबांना माहीत आहे ना? मी मान हलवली. कशीही हलवली तरी हो वाटते.

विचारलं असतं तर बाईंनी दिलाच असता. म्हणजे मी जरा पुढचं बोलले एवढंच.

तो म्हणाला, मी त्यांचे आभार मानीन. मी म्हटलं, नको, त्यांना आवडत नाही.

काल झोप नीट लागली नाही. उशी बदलायला हवी.

२२ नोव्हेंबर, सकाळी

आज नाटक. बेत पक्का आहे. पडदा पडला की कोट माझ्या पिशवीत, घरी वाफ, ब्रश, पुन्हा हँगरवर. मुलगा येणार नाही म्हणाला, काम आहे. वाईट वाटलं. बरंही वाटलं.

२३ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही. पण रोज लिहायचं ठरवलं होतं.

मी पडद्याआड होते. फटीतून बघितलं तर तिसऱ्या रांगेत आमचा मुलगा. चांगला शर्ट घालून आलेला. शेजारी जजबाई. त्यानेच त्यांना आग्रहाने आणलं होतं, माझ्या मुलाचं काम बघा म्हणून. एवढं कौतुक त्याने नातवाच्या तोंडावर कधी केलं नाही, आणि केलं तर असं.

गुत्त्याच्या प्रवेशात मुलगा डोळे पुसून हसत होता. मला वाटलं, आत्ताच जाऊन नातवाला सांगावं, कोट घालू नकोस. पण त्याचं लक्ष विचलित झालं असतं. कलाकाराला मधेच असं बोलू नये. म्हणून थांबले. आणि माझा गुडघा.

शेवटच्या प्रवेशात तो कोट घालून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा टाळ्या वाजवता वाजवता थांबला. जजबाई नुसत्या बघत राहिल्या. त्यातच राजाच्या तलवारीचं पत्र्याचं टोक बाहीत अडकलं आणि मखमल टर्रकन फाटली. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

पडदा पडल्यावर दोघं आत आले. नातू आनंदात होता. पुढे होऊन जजबाईंना वाकून म्हणाला, कोट दिलात, फार उपकार झाले, बाही मी नीट करून देतो. त्या म्हणाल्या, मी कुणाला कोट दिला नाही. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

नातवाने माझ्याकडे बघितलं. मी डायरेक्टरच्या बुटांकडे बघत होते. बूट चांगले होते. तोंड उघडलं होतं मी, शपथ घेते. पण शब्द येईपर्यंत तो बोलून मोकळा झाला.

"मी न विचारता घेतला. दुकानातल्या कुणाला माहीत नव्हतं."

मुलगा म्हणाला, "काउंटरचं विसर आता." आणि जजबाईंना घरी पोचवायला निघून गेला.

येताना रस्त्यात मी नातवाला म्हटलं, मी सांगणारच होते. तो म्हणाला, "जपून चल आजी, इथे पायरी आहे."

२४ नोव्हेंबर, दुपारी

सकाळपासून बाही रफू करत बसले. रफूत माझा हात अजून चांगला आहे. जजबाई आल्या, त्यांनी उजेडात धरून बघितलं. फाटलं होतं कुठे ते सापडलं नाही. म्हणाल्या, आजींमुळे दुकानाचं नाव राहिलं. मुलाचे डोळे भरून आले. म्हणाला, आई, तू होतीस म्हणून.

आता सांगायची वेळ होती. पण बाई निघायच्या घाईत होत्या. आणि मुलगा किती दिवसांनी माझ्याशी असं बोलला. त्याला लगेच दुखवायचं का? संध्याकाळी सांगते.

संध्याकाळी

मुलगा थकला होता.

२७ नोव्हेंबर

काउंटर माझ्याकडे दिलं. मुलगा येईल त्याला सांगतो, आता विश्वासाचं माणूस बसवलं आहे. खुर्ची उंच आहे, पाय टेकत नाहीत. पूर्वी केवढी हौस होती मला तिथे बसायची.

नातू आत इस्त्रीला. तरी आपणहून वेळेवर येतो. मला चहा आणून देतो. नाटकाबद्दल बोलत नाही, मीही बोलत नाही. नाटकाचा विचारच करायचा नाही असं ठरवलंय.

आज पलीकडच्या गल्लीतल्या बाई पडदे टाकायला आल्या. म्हणाल्या, नातू तुमचा असा कसा हो निघाला, घरात तुमच्यासारखं माणूस असून. मी पडदे मोजून घेतले. एका कडेला शाईचा डाग होता, तो दाखवला.

म्हटलं, "मंगळवारी मिळतील."

आत इस्त्रीचा आवाज थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला.