न फुटणारं कुलूप

डेल्फ्ट, मंगळवार

प्रिय येले,

आधी बातमी, मग खुशाली. माझं कुलूप फुटलं! उद्याच्या क्वांटम संगणकालाही उघडता येणार नाही म्हणून संदेश लपवणाऱ्या ज्या गणिताचे मी नऊ वर्षं गोडवे गायले, ते पोर्तुगालच्या एका निवृत्त प्राध्यापिकेने साध्या लॅपटॉपवर, दुपारच्या जेवणाआधी सोडवलं. दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी अभिनंदनाचा फोन केला, तर बाई म्हणतात, "अगं, कंबर धरली होती, घरी बसून दुसरं करणार काय!" आता जीव टांगणीला आहे तो वेगळ्याच कारणाने. त्याच कुलपात माझी एक चिठ्ठी तुझ्याकडे पडून आहे ना.

हस, हस. "गणित म्हणजे नुसतं कोडं, आज ना उद्या कुणीतरी सोडवणारच. माझ्या काचेच्या तारेतल्या प्रकाशकणाला चोराने हात लावला की लगेच कळतं," हे तू लॅबमध्ये रोज चीज-पावाचा घास तोंडात ठेवून ऐकवायचास. आणि मी म्हणायचे, अरे शहाण्या, माझं कुलूप प्रत्येकाच्या फोनवर फुकटात बसतं. तुला गावोगाव तारा पुरायला लागतात, आणि शंभरेक किलोमीटरवर तुझा प्रकाश दमतो. तू मात्र न दमता थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, मास्ट्रिख्टला जाऊन बसलास.

बाकी मजेत. नवं गणित हाती घेतलंय, यावेळी एकावर एक अशी दोन कुलपं लावतोय. दुधाने तोंड पोळलंय ना! तुझी आई बाजारात भेटते. "येले अजून एकटाच आहे गं, आणि अजून सायकलची चावी हरवतो," म्हणाली. आपल्याकडे घरोघरी असतं तसं माझ्याही संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर आहे, त्यावर तुझं नाव तसंच आहे, रोज सकाळी दर्शन होतं, काय करू! सहा वर्षांपूर्वी तुझ्या वाढदिवसाला खुर्च्यांच्या गोलात, आपल्या रीतीप्रमाणे घरच्या सगळ्यांचं अभिनंदन करताना, तिने घरच्या माणसासारखं माझंही केलं आणि माझ्या हातून केक सांडला, आठवतं? त्याच संध्याकाळी तू मास्ट्रिख्टचं सांगितलंस. मी ती कुलूपबंद चिठ्ठी तुझ्या कॉम्प्युटरवर टाकली आणि म्हटलं, फोडून दाखव. "आज जपून ठेवतो, जमेल तेव्हा उघडीन. खरे चोर असंच करतात," म्हणालास.

गुरुवारी बाईंचा प्रोग्राम सगळ्यांना खुला होतोय. पहिला तूच चालवशील, ओळखते मी तुला. म्हणून यंत्राआधी मीच सांगते. आत दोनच शब्द आहेत: 'जाऊ नकोस.' तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून जगातलं सगळ्यात भक्कम कुलूप लावलं, वेडीच मी. आता साध्या पाकिटात, पोस्टमनलाही वाचता येईल असं लिहिते: ये. वाढदिवस इथेच कर. तुझ्या आईने पुन्हा माझं अभिनंदन केलं, तर यावेळी केक सांडणार नाही.

सहा वर्षांपासून तुझीच,
हिस्के