पिवळ्या हातमोज्यांची बाई

पप्पा, आपल्याकडे ज्या इंग्रजी कॉमिकचे मधलेच दोन अंक होते, ती सगळी गोष्ट आता एका पुस्तकात मिळते. ऑफिसातल्या एकानं वाचायला दिलं. हातात धरून वाचता येत नाही इतकं जड आहे, म्हणून तीन रविवार चिंचवडच्या घरी, भाजी निवडून झाली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते उघडून बसत होते. वेगवेगळ्या मालिकांमधले सगळे सुपरहिरो एकाच लढाईसाठी यात गोळा केलेत. मुखपृष्ठावर ते इतक्या दाटीवाटीनं उभे आहेत, की आपल्याकडच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे शुभेच्छुक आठवावेत. दर चाळीसेक पानांनी जग बुडायला येतं आणि कुणालाच त्याचं फारसं काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही. मी आपली त्या दोन अंकांची पानं शोधत होते, ती पुस्तकाच्या साधारण मध्यावर सापडली.

ते अंक तुम्ही दापोडीच्या रद्दीवाल्या चाचांकडून आणले होते, मी चौथीत असताना. मागचं माहीत नाही, पुढचं माहीत नाही, आणि तुम्हाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्यानं तुमचं काही अडलं नाही. फर्स्ट शिफ्ट करून घरी यायचात, चहा घ्यायचात आणि मला शेजारी बसवून चित्रांवर बोट ठेवत गोष्ट सांगायचात. तुमच्या गोष्टीत सुपरहिरोंची युनियन असायची, खलनायक म्हणजे पर्सनल मॅनेजर, आणि आकाशातली मोठी लढाई म्हणजे कंपनीच्या दारातली गेट मीटिंग. पिवळे हातमोजे घातलेली बाई तुमची लाडकी. "हिला तरी कंपनीनं नवे दिल्यात बघ," म्हणायचात आणि स्वतःच हसायचात.

सहावीत मला इंग्रजी थोडंफार वाचता यायला लागलं आणि माझा तोरा वाढला. त्या दिवशी आपण ते पान उघडून बसलोय. करड्या डगल्यातला माणूस, त्या बाईचा जुना मित्र, तिच्यापुढे उभा राहून ओरडतोय. तुम्ही सांगताय, "ह्यो तिला थांबवतोय. मागं कायतरी हाय, तिला दिसत न्हाई." मी त्याच्या तोंडाजवळच्या फुग्यातली अक्षरं जुळवते. "चूक. तो म्हणतोय, मी तुला ठार मारीन. असं लिहिलंय." तुम्ही म्हणता, "तोंडानं म्हणत असंल. हात बघ त्याचा." आणि मी म्हणते, "पप्पा, तुम्हाला वाचता येत नाही, तर सांगता कशाला?" आई कणीक मळत होती, ती थांबली. तुम्ही रागावला नाहीत. अंक माझ्याकडे सरकवलात. "बरं. मग आता तूच वाचून दाखव." त्यानंतर तुम्ही मला एकही गोष्ट सांगितली नाहीत.

हात बघ म्हणजे काय, ते मला चाकणला नोकरी लागल्यावर कळलं. कामानिमित्त पहिल्यांदा प्रेस शॉपमध्ये गेले. पत्रा दाबणाऱ्या त्या मशीनींच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून माणसं हातांनी बोलतात. तळवा खाली, बोटं पसरलेली: थांब, पुढे येऊ नकोस. तुम्हीही अशाच मशीनींवर सगळी नोकरी असंच बोलत काढलीत. चित्रातल्या माणसाचा हात अगदी तसाच आहे. आणि आपल्याला कधीच न मिळालेल्या पुढच्या अंकांत कळतं, की त्याच्या मागे सापळा होता. शत्रू ऐकत होता म्हणून तो तोंडानं धमकी देत होता आणि हातानं तिला अडवत होता. ते वाचताना कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळ करपली. तुमचंच बरोबर होतं, पप्पा. मला आनंद झाला, आणि आता तुम्ही नसताना तो कुणाला सांगावा हे कळेना.

तुम्ही सांगितलंत म्हणून मी मराठीत करून वाचून दाखवायला लागले, वर्षभर तरी. ते दोन अंक संपले की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही समोर बसून माझ्या ओठांकडे बघत मान हलवायचात, कधी हसण्यासारखं काही नसताना हसायचात. तुमचे कान जात चाललेत हे आईनं माझ्यापासून लपवलं होतं, पण मला ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मोठ्यानं वाचलं असतं तर तुम्हाला थोडंफार ऐकू गेलं असतं. ते शेजाऱ्यांच्या खोलीतही ऐकू गेलं असतं, आणि बापाला मुलगी वाचून दाखवते हे लोकांना कळलं असतं. मला त्याची लाज वाटायची. म्हणून मी मुद्दाम हळू आवाजात वाचत राहिले.