कोवळे शेंडे आणि कोआला

बुधवार, संध्याकाळ

मलाच का बोलायचं सगळ्यांनी? आमच्या झूमधली कोआला परवापासून खात नाही, पिशवीत पिल्लू आहे, आणि चारा मी करते म्हणून चूक माझी! निलगिरीच्या फांद्यांची जून पानं मी काढली, कोवळे शेंडे तेवढे ठेवले. मेथी आपण अशीच निवडतो ना? येन्स, आमचा मुख्य, ओरडला, "या जातीत कोवळ्या पानांतच विष जास्त! झाड तीच पानं जपतं. ती हुंगते आणि टाकते." येन्सच्याच भाषेत गेनाऊ, अगदी बरोबर, पण हे आधी कुणी सांगितलं मला?

आज फांद्या न निवडता दिल्या. तरी तिनं नाक लावलं, हुंगलं, टाकलं. मग? आता येन्स म्हणतो, एकाच जातीच्या दोन झाडांतही विष कमीजास्त असतं, आणि या फांद्या दुसऱ्याच, नव्या झाडाच्या. अरे, मग जुन्याच्या आण ना! "बघू," म्हणे. बघू काय?

घरी हे म्हणतात, "अगं, नोकरी सांभाळ, तोंड सांभाळ." नाही सांभाळत. ते हुंगणारं नाक डोळ्यांसमोरून हलत नाही. आई उपाशी, तर पिल्लाला दूध कुठून? उद्या तोंडावर विचारणार: येन्स, जुन्या झाडाच्या फांद्या आणतोस की नाही, शुक्रवारपर्यंत सांग.